बल्ब नवा, उजेड जुनाच: जुन्या गाडीच्या हेडलाइटच्या वायरिंगबद्दल

जुलैतली रात्र, आंबा घाटाची उतरण आणि धो धो पाऊस. काचेपुढे पावसाच्या सळया दिसत होत्या, पुढचं वळण मात्र दिसत नव्हतं. गाडी वडिलांनी घेतलेली, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. अप्पर लावा की डिपर, उजेड तोच, पिवळट, कंदिलासारखा. समोरून एसटी आली की आपला लाइट लागलाय की नाही, हेच कळेना. साखरप्याला पोहोचल्यावर चहाच्या टपरीपुढे गाडी लावली आणि भिंतीवर पडलेले ते दोन मळकट गोळे बघत राहिलो. बल्ब तर महिन्यापूर्वीच नवे टाकले होते.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. साठ वॉटचे बल्ब काढून शंभर वॉटचे टाकले. उजेड जरासा वाढला. आठवड्याभरात डॅशबोर्डमागून करपल्याचा वास यायला लागला, लाइटचा स्विच बोटाला चटका बसेल इतका गरम झाला आणि एका बाजूच्या बल्बचा होल्डर मेणासारखा वितळून वाकला. गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बोनेट उघडलं, मल्टिमीटर लावला आणि एकच प्रश्न विचारला, "बल्बपाशी व्होल्टेज किती पोचतंय ते कधी बघितलंत?" बघितलं नव्हतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते. पुन्हा साठ वॉटचा बल्ब लावून त्याच्या पिनांवर मोजलं, तर ११.४.

सव्वादोन व्होल्ट वाटेतच गेले होते. ते कुठे जातात, एवढ्याशा फरकाने उजेड इतका का मरतो आणि तो परत कसा मिळवायचा, ते इथे सांगतो. जुनी पद्मिनी, अॅम्बेसेडर, जीप, सुरुवातीच्या मारुती, सगळ्यांना हे लागू पडतं. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, पण घराघरांत जपलेल्या अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि त्या रात्रीही चालवल्या जातात.

कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. धरणातून पाणी पुरेसं सुटतं. पण पाट लांब, जागोजागी गाळ, कुठे फुटलेला, कुठे अरुंद. टेलच्या वावरात पोचेपर्यंत पाण्याचा जोर गेलेला असतो. जुन्या गाडीत हेडलाइट नेमका टेलला असतो. बॅटरी बोनेटखाली, लाइटही बोनेटखालीच, हातभर अंतरावर. पण वीज मात्र बॅटरीकडून फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यातून, आत डॅशबोर्डपर्यंत जाते, लाइटच्या स्विचमधून, तिथून स्टिअरिंगजवळच्या अप्पर-डिपरच्या स्विचमधून आणि पुन्हा बाहेर येऊन लाइटपर्यंत. वाटेत फ्यूज, कप्लर (तारा एकमेकींत अडकवायची प्लास्टिकची खोबणी), जोड. एवढा वळसा घालून पाच-सहा मीटर तार सहज होते, आणि त्या काळी कंपन्या तार जाडीला बेतानेच घालत.

आकड्यांत बघा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण ०.०१८ ओहम असतो. सहा मीटरला झाला ०.१०८. साठ वॉटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतात. वाटेत गेलेले व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले रोध. दहा गुणिले ०.१०८, म्हणजे एक व्होल्टहून थोडा जास्त. हा हिशेब नव्या, स्वच्छ तारेचा आहे. चाळीस वर्षांत तारेची टोकं कळकतात. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर जसं होतं, तसाच हिरवट थर तांब्यावर चढतो. स्विचच्या आतले पॉइंट ठिणग्यांनी काळे पडतात, फ्यूजच्या चिमट्यांचा ताण जातो. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दशांश व्होल्ट खाल्ले जातात आणि सव्वादोनचा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. व्होल्टेज सोळा टक्के कमी झालं म्हणून उजेड सोळा टक्केच कमी होत नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. कारण फिलामेंट, म्हणजे बल्बमधली बारीक तार, जरा कमी तापलं की त्यातून निघणारा दिसणारा प्रकाश झपाट्याने घटतो आणि उरलेली बरीचशी ऊर्जा नुसत्या उष्णतेच्या रूपात जाते. उजेड पिवळा पडतो तो याचमुळे. माझ्या गाडीचा हिशेब केला, तर १३.६ ऐवजी ११.४ मिळाल्यावर उजेड उरला पंचावन्न टक्के. जवळजवळ निम्मा. बारा व्होल्ट पोचत असते तरी पस्तीसेक टक्के उजेड कमीच पडला असता.

गेलेले सव्वादोन व्होल्ट नाहीसे होत नाहीत, त्यांची उष्णता होते. माझ्या गाडीत ती वीस वॉटच्या घरात होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचा छोटा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा असतो, यावरून अंदाज करा. शंभर वॉटचे बल्ब लावल्यावर तीच तार, तोच स्विच. पण वीज पंधरा अँपिअरच्या वर गेली आणि वाटेतली उष्णता पन्नास वॉटपर्यंत. जास्तीच्या वॉटचा मोठा हिस्सा डॅशबोर्ड तापवण्यात गेला आणि बल्बपाशी व्होल्टेज आणखीच पडलं. म्हणून उजेड जेमतेम वाढला आणि होल्डर वितळला. गाळाने भरलेल्या पाटाच्या टेलला मोठी मोटर बसवण्यासारखंच हे आहे. ज्यांच्या गाडीत अजून असे बल्ब आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आजच काढा. आग लागू शकते.

आधी मोजा. साडेतीनशे-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर यासाठी पुरतो. इंजिन चालू, लाइट चालू आणि बल्ब जागेवर बसलेला, पेटलेला हवा. बल्ब काढून नुसत्या होल्डरमध्ये मोजलं तर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि आपण फसतो. वीज वाहतच नसेल तर वाटेत काही गळतही नाही. पाटाला पाणी नसताना तो कुठे फुटलाय हे जसं समजत नाही, तसंच. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी होल्डरच्या मागून बल्बच्या पेटलेल्या पिनेवर टेकवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेवर गळताहेत. मग एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनेवर, म्हणजे जिथून वीज गाडीच्या पत्र्यातून मायनसला परत जाते तिथे. हे अर्थच्या वाटेवरचं नुकसान. माझ्या मते पहिला आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत आणि दुसरा पाव व्होल्टच्या आत असेल, तर वायरिंगला हात लावायचं कारण नाही. काच आणि रिफ्लेक्टर बघा. रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडला असेल तर कितीही व्होल्ट दिले तरी उजेड पडणार नाही.

माझ्या गाडीत प्लसच्या बाजूला १.५ आणि अर्थच्या बाजूला ०.७ निघाले. अर्थकडे कुणी बघत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करा. ते फुकटात होतं. हेडलाइटची काळी तार मडगार्डच्या आत जिथे पत्र्याला स्क्रूने कसलेली असते, तिथे रंगाच्या आणि गंजाच्या थरावर बसलेली सापडते. देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत तर तो स्क्रू आणि पत्रा एकच होऊन गेलेले असतात. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवं गोल थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), दातेरी वॉशर, घट्ट कसा आणि वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीच्या मायनसकडून बॉडीला जाणारी जाड पट्टीही तशीच साफ करा. एवढ्यावर माझा ०.७ चा आकडा ०.१५ वर आला आणि उजेडातला फरक त्याच संध्याकाळी डोळ्यांना जाणवला.

प्लसच्या बाजूला मात्र नुसती सफाई पुरत नाही. तिथे रस्ताच बदलावा लागतो आणि तो रिलेने बदलतो.

रिले म्हणजे काय, हे विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरने चांगलं कळतं. हिरवं बटण बोटाने दाबलं की आत खट्‌ असा आवाज होतो आणि मोटर सुरू होते. मोटरीची सगळी वीज त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला थोडीशी वीज देतं. कॉइलचं लोहचुंबक होतं, ते जाड पॉइंट ओढून जुळवतं आणि मोठी वीज त्या जाड पॉइंटांतून थेट मोटरीला जाते. गाडीतला रिले म्हणजे काडेपेटीहून लहान आकाराचा तोच स्टार्टर. त्याची कॉइल फक्त ०.१५ ते ०.२ अँपिअर ओढते. म्हणजे तुमच्या चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या स्विचवर दहा अँपिअरचं ओझं होतं, ते त्याच्या पन्नासाव्या भागावर येतं. स्विचचं काम आता हुकूम द्यायचं. ओझं वाहायचं काम रिलेचं. पद्मिनीचे चांगले जुने स्विच आता मुश्किलीने मिळतात, त्यामुळे स्विच वाचणं हाही मोठा फायदा आहे.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात आणि ते बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, ८७ म्हणजे बल्बकडे जाणारी, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइलची दोन टोकं. दुकानात चार पायांचा मागा. पाच पायांचा दिला तर मधल्या ८७ए या पायाला काही जोडू नका, उलट तो झाकून टाका. रिले बंद असताना त्या पायावर वीज असते. घाईत ८७ ऐवजी तिथे तार लागली की गाडी बंद करून घरी जावं आणि रात्रभर लाइट चालू राहावेत, असा घोळ होतो.

जोडणी अशी. अप्परला एक रिले, डिपरला एक. बॅटरीच्या प्लसवरून दोन स्वतंत्र तारा निघतात, अडीच चौरस मिलिमीटरच्या. दुकानात "अडीच एमएमची ऑटो वायर" म्हणून मागा. प्रत्येक तारेत बॅटरीपासून वीतभराच्या आत पंधरा अँपिअरचा फ्यूज. मग ती तार रिलेच्या ३० ला. ८७ वरून तशाच जाड तारा दोन्ही बाजूंच्या बल्बना. गाडीतला मूळ कप्लर, जो आजवर थेट बल्बला लागत होता, त्यातली अप्परची तार आता अप्परच्या रिलेच्या ८६ ला आणि डिपरची तार डिपरच्या रिलेच्या ८६ ला जाते. दोन्ही ८५ अर्थला. मूळ वायरिंगमधली एकही तार कापायची नाही. कप्लरच्या मापाचा जुळणारा भाग घेऊन त्यालाच नवी जोडणी लावा, म्हणजे उद्या रस्त्यात काही बिघडलंच तर पाच मिनिटांत जुना कप्लर बल्बला लावून घरी येता येतं.

दोन फ्यूज कशाला, एक चालणार नाही का, असं मला दुकानदारानेही विचारलं होतं. एकच फ्यूज असेल आणि घाटात तो उडाला तर दोन्ही बाजूंना एकदम अंधार. अप्पर-डिपर वेगळे असले तर एक गेल्यावर दुसरा हाताशी राहतो. आणि फ्यूज बॅटरीला चिकटून हवा, कारण तो बल्बसाठी नसतो, तारेसाठी असतो. फ्यूजच्या आधीची तार कुठे घासून पत्र्याला टेकली, तर तिला वाचवणारं काहीच नसतं. बॅटरीची सगळी ताकद त्या ठिणगीत उतरते. काम सुरू करताना बॅटरीचं मायनस काढून ठेवायचं, तेही याच कारणाने.

एक तपासणी आधी करून घ्या. जपानी वळणाच्या काही गाड्यांत स्विच प्लस तोडत-जोडत नाही, अर्थ तोडत-जोडतो. म्हणजे बल्बला प्लस कायम असतो आणि स्विच दाबल्यावर त्याला अर्थ मिळतो. लाइट बंद असताना होल्डरच्या पिनांवर बॅटरीचं व्होल्टेज दिसलं, तर तुमची गाडी त्यातली. तिथे ८६ ला त्या होल्डरमधलाच प्लस द्यायचा आणि ८५ ला स्विचकडून येणारी तार. वर सांगितलेली जोडणी जशीच्या तशी केली तर रिले ओढणारच नाही.

आता हातकामाबद्दल थोडं, कारण वायरिंग बिघडतं ते इथेच. दोन तारांना पीळ देऊन वर टेप गुंडाळायची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तो दोष वाटतच नाही. इंजिनच्या उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो, पीळ हादऱ्यांनी सैल पडतो, पाणी आत शिरतं आणि तांबं पुन्हा कळकतं. म्हणजे जो आजार बरा करायला निघालो, तोच नव्याने लावून घेतो. थिंबल योग्य मापाचं घ्या, पकडीने दाबू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. मग तार धरून जोरात ओढून बघा, निघाली तर पुन्हा करा. वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. नुसत्या सोल्डरवर मी विसंबत नाही. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठर होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. रिले मडगार्डच्या आतल्या उभ्या पत्र्यावर, पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी ग्रोमेट टाकल्याशिवाय नेऊ नका.

हे सगळं करून मी पुन्हा मोजलं. इंजिन त्याच वेगावर, बॅटरीवर १३.६, बल्बपाशी १३.१. बल्ब तेच, अप्परला साठ आणि डिपरला पंचावन्न वॉटचे, आणि उजेड आधीच्या दीडपटीहून जास्त, पांढरा, स्वच्छ. खर्च आला तो दोन रिले, त्यांचे सॉकेट, दोन फ्यूज होल्डर आणि सात-आठ मीटर तार एवढ्याचा.

बल्बचं आयुष्य मात्र थोडं घटेल, हे आधीच सांगतो. कमी व्होल्टेजवर मंद जळणारा बल्ब वर्षानुवर्षं टिकतो, पूर्ण व्होल्टेजवर त्याचं खरं आयुष्य दिसतं. डिकीत एक जोडी ठेवा, आणि बदलताना हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि काच तडकते.

डायनॅमोच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. जुन्या पद्मिनी आणि अॅम्बेसेडरमध्ये वीज तयार करायला आल्टरनेटर नसून जुन्या पद्धतीचा डायनॅमो असेल, तर गाडी जागेवर उभी असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. सिग्नलला थांबल्यावर लाइट मंदावतात ते त्यामुळे. विहिरीतच पाणी नसेल तर पाईप मोठा करून पाणी वाढत नाही. रिलेने वाटेतली गळती इथेही थांबते, फायदा होतोच. पण लाइट, वायपर, पंखा एकदम चालवायचे असतील तर आधी चार्जिंग तपासा. डॅशबोर्डवर अॅम्पिअरमीटर असलेल्या गाडीत रिलेची तार थेट बॅटरीवरून न घेता, अॅम्पिअरमीटरच्या पलीकडून, चार्जिंगच्या बाजूने घ्यावी लागते, नाहीतर काटा खोटं चार्जिंग दाखवत राहतो. त्या कामाला माहीतगार माणूसच घ्या.

एवढी खटपट कशाला, एलईडी टाका की, असं प्रत्येक दुकानात सांगतात. मी टाकणार नाही. हेडलाइटचा रिफ्लेक्टर आणि काचेवरच्या रेघा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आखलेल्या असतात. १९७१ पासून युरोपात रुळलेल्या एच-४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. खाली जाणारा प्रकाश ती अडवते, म्हणून डिपरचा उजेड एका रेषेच्या वर जात नाही. त्या जागी एलईडीच्या चपट्या चकत्या आल्या की प्रकाश जिथून निघायला हवा तिथून निघत नाही. ती रेषा पुसट होते आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो. आपल्याला समोर लख्ख दिसतंय असं वाटतं, कारण गाडीच्या नाकापुढचा दहा मीटरचा तुकडा उजळलेला असतो, लांबचं मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत असे बदल करायला मनाई आहे आणि पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या वेळी हेडलाइट तपासले जातात. पण कायद्यापेक्षा मला घाटात समोरून येणारा दुचाकीवाला जास्त दिसतो. दोन सेकंद डोळे दिपले तर त्याला कठडा दिसणार नाही.

म्हणूनच उजेड वाढवल्यावर त्याचा नेम लावणं हे कामाचाच भाग आहे. मंद लाइट चुकीच्या दिशेने असला तरी खपून जातो, तेज लाइट नाही. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागेवर कुणाला तरी बसवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या पाच सेंटिमीटर खाली आली पाहिजे. ती कड डावीकडे थोडी वर चढलेली असते, रस्त्याची डावी बाजू आणि कडेचा माणूस दिसावा म्हणून. ती उजवीकडे चढलेली दिसली, तर तुमच्या लाइटची काच रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनलेली आहे. बाहेरून मागवलेल्या सात इंची गोल लाइटमध्ये असं होतं. अशी काच कितीही सुंदर असली तरी परत करा. ती स्क्रूने सुधारत नाही.

शेवटी, पहिल्या लांबच्या प्रवासाला निघण्याआधी अंगणात इंजिन चालू ठेवून अर्धा तास लाइट लावून ठेवा. मग प्रत्येक जोड, फ्यूज, रिले आणि होल्डरमागची तार एकेक करून बोटांनी चाचपा. कोमट लागली तर चालेल. ज्या जोडावर बोट ठेवून पाच अंक मोजवत नाहीत, तो उघडून पुन्हा करा.